फ्ला-फ्लू कुणी लिहिला?

रिओ दि जानेरोच्या फुटबॉलवरची कुठलीही डॉक्युमेंटरी लावा, पहिल्या दहा मिनिटांत ही गोष्ट येतेच. फ्लुमिनेन्से नावाचा श्रीमंतांचा एक क्लब असतो. त्यांच्यात भांडण होतं, खेळाडू रागावून बाहेर पडतात आणि जवळच्याच फ्लामेंगोत जातात. तिथून पुढे एकीकडे बंगलेवाले आणि दुसरीकडे झोपडपट्टीतली जनता, एकीकडे टॉप हॅट आणि दुसरीकडे घामाने भिजलेली बनियन, अशी लढाई शंभर वर्षं चालते. तिचं नाव फ्ला-फ्लू.

गोष्ट झकास आहे. ऐकणाऱ्याला बाजू निवडायला फार विचार करावा लागत नाही. अडचण एवढीच की तिच्यातलं गरीब-श्रीमंत हे प्रकरण पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत शोधून सापडत नाही. ते नंतर आलं, आणि कुठून आलं तेही बऱ्यापैकी सांगता येतं. त्यावरच हा लेख आहे.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. माझा पीएचडीचा विषय आहे खेळाची पत्रकारिता आणि इतिहास यांचं नातं. म्हणजे वर्तमानपत्रातल्या मजकुराचा इतिहास कसा होतो, आणि एकदा झाला की तो कसा हलत नाही. त्यासाठी जी काही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचावी लागतात त्यातलं एक आहे मारियो फिल्यो या पत्रकाराचं १९४७ चं 'ओ नेग्रो नो फुतेबोल ब्राझिलेइरो'. ब्राझिलियन फुटबॉलमधला कृष्णवर्णीय माणूस हा त्याचा विषय. ब्राझीलच्या फुटबॉलबद्दल तुम्ही आजवर जे काही ऐकलं असेल त्यातलं निम्मं, कुठून आलं हे न सांगता, या पुस्तकातून आलेलं असतं. फ्ला-फ्लूची गोष्टही त्याला अपवाद नाही.

आधी फाटाफुटीचं पाहू. फ्लुमिनेन्सेची स्थापना १९०२ ची. ऑस्कर कॉक्स हा त्याचा संस्थापक, युरोपात शिकून फुटबॉल घेऊन परतलेला. क्लब लारांजेरास भागात. फ्लामेंगो त्याहून जुना, १८९५ चा, पण तो रोईंगचा क्लब. त्या काळी रिओत खरी प्रतिष्ठा होती ती रोईंगला. फुटबॉल हे जरा नवंच खूळ. आल्बेर्तो बोर्जेर्थ हा तरुण फ्लामेंगोकडून वल्ही मारायचा आणि फ्लुमिनेन्सेकडून फुटबॉल खेळायचा, आणि यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. एकाच वर्तुळातली मुलं होती ती. १९११ मध्ये संघ कोण निवडणार यावरून फ्लुमिनेन्सेत वाद झाला, बोर्जेर्थ आणि त्याचे सोबती एका बाजूला, क्लबची समिती दुसऱ्या बाजूला. त्या वर्षीचं रिओचं विजेतेपद जिंकून झाल्यावर अकरापैकी नऊ खेळाडूंनी क्लब सोडला, आणि डिसेंबरात फ्लामेंगोत फुटबॉलचा विभाग सुरू झाला.

आता सांगा, यात गरीब कोण आहे? निघून जाणारे आणि मागे राहणारे एकाच घरातले. भांडण कशावरून, तर अकरा जणांची यादी कोण करणार यावरून. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळात अध्यक्षपदावरून दोन मंडळं होतात, साधारण तोच प्रकार.

पहिला सामना ७ जुलै १९१२ ला झाला, फ्लुमिनेन्सेच्याच मैदानावर. फ्लामेंगोकडे आदल्या वर्षीचे विजेते, फ्लुमिनेन्सेकडे उरलेले आणि राखीव. जिंकले राखीव, ३-२. फ्लामेंगोवाल्यांनी दोनच महिन्यांपूर्वी आपल्या पहिल्या अधिकृत सामन्यात मांगेइरा नावाच्या संघाला १६-२ असं धुतलं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे तो पराभव किती झोंबला असेल याची कल्पना येते. वैराला बी लागतं ते असं. घराबाहेर पडलेल्याला घरात राहिलेल्यांनी हरवलं. यात नाट्य आहे, पण ते वर्गाचं नाही.

एक तपशील मला फार आवडतो. फ्लामेंगोच्या रोईंगवाल्यांनी या फुटबॉलवाल्यांना आपली जर्सी वापरू दिली नाही असं सांगतात. त्यामुळे सुरुवातीला त्यांनी लाल-काळ्या चौकटींची जर्सी घातली, जिला लोक स्वस्तातला पतंग म्हणून हसायचे. मग लाल-काळ्याच्या मध्ये पांढऱ्या पट्ट्या घातल्या, तर पहिलं महायुद्ध पेटलेलं आणि हे रंग नेमके जर्मनीच्या झेंड्याचे. १९१६ मध्ये ती जर्सीही गेली. आज जगभर ओळखली जाणारी लाल-काळी आडवी पट्टी फुटबॉलवाल्यांच्या अंगावर आली ती त्यानंतर. म्हणजे 'जनतेचा क्लब' सुरुवातीची चार वर्षं स्वतःच्याच क्लबात पाहुणा होता.

फ्लामेंगो लोकप्रिय कसा झाला, याचं मारियो फिल्योनं दिलेलं कारण प्रसिद्ध आहे. त्यांना स्वतःचं मैदान नव्हतं, ते समुद्राजवळ रुसेलच्या मोकळ्या जागेत सराव करायचे, रस्त्यावरची पोरं भोवती जमायची, आणि तिथे नातं जुळलं. फ्लुमिनेन्सेचा सराव मात्र भिंतीआड. वाचताना पटतं. चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. पण बारकाईनं बघा, एका क्लबला देशभर लाखो पाठीराखे का मिळाले या प्रश्नाचं उत्तर एका मोकळ्या मैदानावरच्या पोरांवर सोडलेलं आहे. मधली वीस वर्षं, रेडिओ, वर्तमानपत्रं, विकत घेतलेले मोठे खेळाडू, हे सगळं त्या पोरांच्या मागे लपतं.

आणि एक साधी गोष्ट. मारियो फिल्योचा जन्म १९०८ चा, रेसिफेचा. कुटुंब रिओला आलं १९१६ मध्ये. १९११ ची फूट, १९१२ चा पहिला सामना, रुसेलचा सराव, यातलं काहीच त्यानं पाहिलेलं नाही. त्याचा धाकटा भाऊ नेल्सन रोद्रिगेस, पुढे ब्राझीलचा सगळ्यात मोठा नाटककार झालेला, तो तर पहिल्या सामन्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं जन्मला. याच नेल्सननं पुढे लिहिलं की हा सामना सृष्टीच्याही आधी सुरू झाला. नेल्सन हाडाचा फ्लुमिनेन्सेवाला होता आणि अतिशयोक्ती हा त्याचा धंदाच होता, त्यामुळे त्याला माफ. पण हे वाक्य इतक्या ठिकाणी, इतक्या गंभीरपणे छापलं जातं की कधी कधी वाटतं लोक त्याला तारीखच समजतात.

फ्लुमिनेन्सेच्या गळ्यात पडलेली सगळ्यात जड गोष्ट तांदळाच्या पिठीची. १९१४ मध्ये कार्लोस आल्बेर्तो नावाचा मिश्रवर्णीय खेळाडू अमेरिका या क्लबातून फ्लुमिनेन्सेत आला. मारियो फिल्यो सांगतो की गोऱ्यांच्या या क्लबात उठून दिसू नये म्हणून तो सामन्याआधी चेहऱ्याला तांदळाची पावडर फासायचा. घामानं ती ओघळली, आणि जुन्या क्लबच्या पाठीराख्यांनी 'पो दी आरोझ' म्हणजे तांदळाची पावडर अशी आरोळी ठोकली. ती आरोळी क्लबला कायमची चिकटली. फ्लुमिनेन्सेचं म्हणणं वेगळं आहे: तो दाढी झाल्यावर पावडर लावायचा, अमेरिकेत असतानाही लावायचा, आम्ही काही सांगितलं नव्हतं.

यात कोण खरं? पण मला वाटतं प्रश्न तिथे अडकवून ठेवायचा नाही. समजा क्लबचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तरी आरोळी मारणाऱ्यांना त्यात काय दिसलं? त्यांना गोरं व्हायला निघालेला माणूस दिसला, आणि ते हसले. ते हसणं १९१४ च्या रिओबद्दल बरंच सांगतं. गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षं झाली होती. मात्र पावडरच्या गोष्टीचा उपयोग पुढे असा होतो की वंशभेद म्हटलं की बोट फ्लुमिनेन्सेकडे, आणि बाकीचे सगळे मोकळे. विशेषतः फ्लामेंगो.

हे मोकळं सुटणं १९२४ ला तपासून बघा.

रिओतल्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा एक क्लब होता, वास्को द गामा. १८९८ मध्ये स्थापन झालेला. वर्ष मुद्दाम सांगतेय, कारण त्या वर्षी वास्को द गामाच्या भारतात येण्याला ४०० वर्षं झाली होती, आणि नाव त्यावरूनच पडलं. गोव्यात वास्को शहर ज्या माणसाच्या नावाचं, त्याच माणसाच्या आणि त्याच प्रवासाच्या नावाचा हा रिओतला क्लब. तोही आधी रोईंगचा. तर या वास्कोनं १९२३ मध्ये वरच्या गटात येताक्षणी विजेतेपद मारलं, आणि ते कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि कामगार वस्तीतल्या गोऱ्या खेळाडूंना घेऊन. मोठे क्लब हादरले. १९२४ मध्ये त्यांनी जुनी संघटना सोडून आमेआ नावाची नवी काढली. तिच्यात यायचं तर वास्कोनं आपले बारा खेळाडू काढून टाकावेत अशी अट घातली गेली. वास्कोचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ च्या पत्रानं ती अट नाकारली. ब्राझीलमध्ये ते पत्र आजही 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखलं जातं.

आमेआत कोण होतं? फ्लुमिनेन्से, अर्थातच. बोताफोगो. अमेरिका. आणि फ्लामेंगो.

म्हणजे रिओच्या फुटबॉलमध्ये वर्ग आणि वंश यांचा प्रश्न कागदावर, सहीशिक्क्यासह, पहिल्यांदा उघड झाला तेव्हा फ्ला आणि फ्लू टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते. समोर तिसराच कुणी होता. फ्ला-फ्लूच्या लोकप्रिय इतिहासात या पानाला फार तर अर्धं वाक्य मिळतं.

त्या काळातले नियम वाचण्यासारखे आहेत. खेळाडूला आपला व्यवसाय सांगावा लागे, सही करता यावी लागे. वास्कोचे खेळाडू कागदोपत्री पोर्तुगीज दुकानदारांकडे नोकर, प्रत्यक्षात दिवसभर सराव. मारियो फिल्यो सांगतो की त्यांना अक्षरं गिरवायला शिकवणी लावली होती, आणि एकाला स्वतःचं इटालियन आडनाव लिहायला जमेना म्हणून त्यानं सरळ 'सिल्वा' करून घेतलं. किस्सा म्हणून हसू येतं. पण सहीची अट ही काय चीज होती ते बघा. 'काळ्यांना बंदी' असं कुठेच लिहायचं नाही. फक्त असा फॉर्म बनवायचा की जो भरताना ठरावीक लोकच अडखळतील.

इथे एक गुंतागुंत आहे आणि ती टाळून चालणार नाही. आमेआच्या संस्थापकांत बांगू क्लबही होता. बांगू म्हणजे कापड गिरणीचा क्लब, १९०४ चा. फ्रान्सिस्को कार्रेगाल हा कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्या संघात १९०५ मध्येच होता. मग नुसत्या रंगावरून बंदी असती तर बांगू आत कसा? याच धाग्यावरून आंतोनियो जोर्जे सोआरेस या ब्राझिलियन संशोधकानं १९९० च्या दशकाच्या शेवटी एक मोठा वाद उकरून काढला. त्याचं म्हणणं, १९२४ चं भांडण मुख्यतः हौशी विरुद्ध छुपे पगारी असं होतं. त्याला निव्वळ वंशभेदाची कथा केली ती मारियो फिल्योनं. आणि सगळ्यात टोचणारा भाग पुढेच: नंतरच्या अभ्यासकांनी हे पुस्तक पुराव्यांचं गोदाम समजून वापरलं. पुस्तकात आहे म्हणून खरं, आणि पाच जणांनी लिहिलं म्हणून आणखी खरं, पण पाचही जणांची विहीर एकच.

माझ्या कामासाठी सोआरेसचा हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मारियो फिल्योचा भर क्लबांच्या दप्तरांपेक्षा लोकांच्या तोंडच्या आठवणींवर होता, आणि त्या आठवणी आधी वर्तमानपत्रात सदर म्हणून आल्या होत्या. सदराला रोज एक गोष्ट लागते, सुरुवात-मध्य-शेवट असलेली, शेवटी जरा डोळ्यात पाणी किंवा ओठावर हसू आणणारी. पुस्तकातले किस्से एवढे घडीव का आहेत याचं उत्तर तिथे आहे. शिवाय १९४७ ची आवृत्ती आणि १९६४ ची आवृत्ती शेजारी ठेवून वाचा. पहिल्या पुस्तकाला जिल्बेर्तो फ्रेरे यांची प्रस्तावना आहे, आणि एकंदर सूर असा की आता सारं जुळून आलं, फुटबॉलनं भेद मिटवला. मग १९५० मध्ये माराकानावर उरुग्वेकडून हार झाली आणि खापर फुटलं गोलकीपर बार्बोझा आणि बिगोदे यांच्यासारख्या कृष्णवर्णीयांवर. भेद मिटला होता तर हे कसं? १९६४ च्या आवृत्तीत दोन प्रकरणं वाढली: आधी काळ्या माणसाची परीक्षा आणि मग पेलेच्या रूपानं त्याचा उद्धार. शेवट चुकला म्हणून नवा शेवट जोडला. इतिहासकार असं करत नाही असं म्हणायचा मोह होतो, पण इतिहासकारही करतात. फक्त इतक्या सुंदर भाषेत करत नाहीत.

तरीही सोआरेसशी मी पूर्ण सहमत नाही. रोनाल्दो हेलाल आणि सेझार गोर्दोन यांनी १९९९ मध्येच त्याला उत्तर दिलं होतं, आणि त्यातला गाभा मला पटतो: किस्सा घडला की नाही हे तपासताना तो ज्या समाजात सांगितला गेला, ऐकला गेला आणि खरा मानला गेला, तो समाज हातातून निसटू द्यायचा नाही. हौशीपणाचा नियम हा वंशाचा नियम नव्हता असं म्हणताना, हौशी राहणं कुणाला परवडत होतं हे विचारावंच लागतं. दुपारी चारला सरावाला येऊ शकणारा माणूस आणि संध्याकाळी सहापर्यंत गोदीत ओझी वाहणारा माणूस यांचे रंग त्या शहरात योगायोगानं वेगळे नव्हते. बांगूचं उदाहरणही नीट बघितलं तर गिरणी मालकाच्या छत्राखालचा कामगार चालत होता, स्वतःच्या बळावर विजेतेपद नेणारा खुपत होता.

तर मग फ्ला-फ्लूला गरीब-श्रीमंतांचं रूप कधी आलं? माझं उत्तर: १९३० च्या दशकात, आणि त्यामागे पैशाचं साधं गणित होतं.

१९३३ मध्ये रिओत उघड व्यावसायिक फुटबॉल सुरू झालं. इथे दंतकथेला आणखी एक धक्का. व्यावसायिकतेच्या बाजूनं सुरुवातीपासून उभा होता टॉप हॅटवाला फ्लुमिनेन्से. फ्लामेंगो आधी विरोधात होता, मागाहून आला. पगार मिळणं म्हणजे गरीब खेळाडूला दार उघडणं, असं मानलं तर ते दार कुणी उघडलं आणि कुणी अडवलं बघा.

मग १९३५ पासून रिओचं फुटबॉल दोन संघटनांत फाटलं. वास्को आणि बोताफोगो एकीकडे, फ्लामेंगो, फ्लुमिनेन्से आणि अमेरिका दुसरीकडे. ही फूट १९३७ पर्यंत टिकली. आता या दुसऱ्या लीगच्या तिकीट खिडकीवर बसून विचार करा. वास्को नाही म्हणजे पोर्तुगीज वस्तीचा सगळा गल्ला गेला. बोताफोगो नाही. उरलेल्या छोट्या संघांना बघायला कोण येणार? एकच सामना असा आहे की जो नीट उभा केला तर मैदान भरेल.

आणि नेमक्या याच वेळी, १९३६ मध्ये, मारियो फिल्योच्या हाती 'जोर्नाल दोस स्पोर्ट्स' हे क्रीडा दैनिक आलं. गुलाबी कागदावर छापलं जायचं. माणूस गर्दी जमवण्यात वस्ताद होता. फुटबॉलचा हंगाम नव्हता तेव्हा पान भरायला काही नाही म्हणून १९३२ मध्ये त्यानं आपल्या आधीच्या पत्रातर्फे सांबा स्कूलांची पहिली स्पर्धा घेतली होती. आज कार्निव्हल म्हणून आपण टीव्हीवर जे बघतो त्याची ती सुरुवात. तोच हात फ्ला-फ्लूला लागला. त्यानं पाठीराख्यांतच स्पर्धा लावली. कुणाचे झेंडे जास्त, कुणाचा बँड मोठा, फटाके कुणाचे, वेशभूषा कुणाची, आणि बक्षीस वर्तमानपत्राचं. मैदानावर एक सामना आणि स्टँडमध्ये दुसरा. १९३६ चं त्या लीगचं विजेतेपद फ्ला-फ्लूच्या मालिकेतच ठरलं, फ्लुमिनेन्सेनं जिंकलं. याच्याहून सोयीचं काय असणार!

'फ्ला-फ्लू' हे नावही त्यानंच रूढ केलं. नावाची जन्मकथा तर बहारीची आहे. १९२५ मध्ये राज्याराज्यांच्या स्पर्धेसाठी रिओचा जो संघ निवडला गेला त्यात भरणा फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्सेच्याच खेळाडूंचा होता, आणि इतर क्लबांच्या लोकांनी चिडून त्या संघाला 'फ्ला-फ्लू' म्हणून हिणवलं, अशी ती कथा. म्हणजे हा शब्द निघाला तो दोघं मिळून सगळं बळकावतात हे सांगायला. दहा वर्षांत त्याचा अर्थ बरोबर उलटा झाला. आज ब्राझीलच्या राजकारणात दोन टोकाच्या गटांचं आंधळं भांडण चालू झालं की वर्तमानपत्रं सरळ लिहितात, फ्ला-फ्लू चाललाय.

लढाई विकायची तर दोन बाजू वेगळ्या दिसायला हव्यात. एकाच गल्लीतले दोन क्लब, एकमेकांचे मेहुणे-चुलतभाऊ, यात विकण्यासारखं काय? त्यातच फ्लामेंगोनं १९३६ मध्ये दोमिंगोस दा गिया, लेओनिदास आणि फाउस्तो हे तीन मोठे कृष्णवर्णीय खेळाडू आणले. अध्यक्ष जोझे बास्तोस पादिल्या यांना क्लब मोठा करायचा होता, देशभर न्यायचा होता, आणि त्यांनी तो केला. या क्षणापासून 'जनतेचा फ्लामेंगो' ही ओळख खरी व्हायला लागते. म्हणजे ती पंचवीस वर्षांनी कमावलेली आहे, जन्मतः मिळालेली नव्हे. मारियो फिल्योनं आणि नंतरच्या सगळ्यांनी ती १९११ पर्यंत मागे ओढत नेली. रुसेलच्या मैदानावरची पोरं तिथे कामाला येतात.

इथे कुणी म्हणेल, मग काय, सगळं खोटंच का? १५ डिसेंबर १९६३ ला माराकानावर फ्ला-फ्लूला १,९४,६०३ माणसं होती, त्यातली १,७७,०२० तिकीट काढून आलेली. सामना ०-० सुटला, फ्लामेंगोला बरोबरी पुरेशी होती, त्यांनी विजेतेपद घेतलं. क्लबांच्या सामन्याला एवढी गर्दी जगात पुन्हा जमली नाही. एवढी माणसं जाहिरातीला भुलून येत नाहीत. वर्तमानपत्रानं साचा दिला, लोकांनी त्यात आपलं काहीतरी ओतलं, आणि मग ते वर्तमानपत्राचं राहिलं नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे गिधाड. फ्लामेंगोच्या पाठीराख्यांत कृष्णवर्णीय खूप, म्हणून विरोधक त्यांना 'उरुबू' म्हणायचे, म्हणजे काळं गिधाड. उघड वंशवादी शिवी. १९६९ मध्ये बोताफोगोविरुद्धच्या सामन्याला फ्लामेंगोच्या काही पोरांनी खरंखुरं गिधाड पकडून आणलं आणि माराकानात सोडलं. संघ जिंकला. त्या दिवसापासून शिवी हेच चिन्ह झालं. त्याआधी क्लबचं व्यंगचित्रातलं चिन्ह पॉपाय होतं, समुद्राशी नातं म्हणून. ते कुणाच्या आठवणीतही उरलं नाही. एन्फिल या व्यंगचित्रकारानं 'जोर्नाल दोस स्पोर्ट्स'मध्येच गिधाडाला पात्र केलं आणि समोर फ्लुमिनेन्सेचा 'पो दी आरोझ' उभा केला. तिकडे फ्लुमिनेन्सेवाल्यांनीही तेच केलं. संघ मैदानात आला की स्टँडमधून पांढऱ्या पावडरचे ढग उडवायला लागले.

या दोन कृती नेहमी एकाच दमात सांगितल्या जातात, दोघांनी शिवी पचवली म्हणून. मला त्या सारख्या वाटत नाहीत. गिधाड म्हणवलं गेलेल्या माणसानं गिधाड खांद्यावर घेणं, यात शिवी ज्याला लागत होती त्यानंच ती उचलली. पावडर उडवणाऱ्यांच्या बाबतीत शिवी मुळात ज्याच्या चेहऱ्यावरून निघाली तो कार्लोस आल्बेर्तो त्या ढगात कुठे दिसत नाही. ढग सुंदर दिसतो, १९९५ चे फोटो बघा. फ्लामेंगोच्या शताब्दीचं वर्ष, त्यांच्याकडे रोमारियो, बरोबरी झाली तरी विजेतेपद त्यांचं, आणि शेवटच्या काही मिनिटांत आयल्तोनचा फटका रेनातोच्या पोटाला लागून आत जातो, ३-२. पंचांनी अहवालात गोल आयल्तोनच्या नावावर लिहिला, पण लोकांच्या लेखी तो कायमचा रेनातोच्या पोटाचा. दप्तर एक सांगतं आणि आठवण दुसरं, हे फ्ला-फ्लूमध्ये पहिल्यापासून चालत आलंय. पण फोटोत पावडर कशाची हे विचारणारा माणूस विरळाच.

आता शेवटचा भाग, थोडा अलीकडचा. २०१९ पासून माराकाना स्टेडियम चालवतात कोण? फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से, भागीदारीत. आधी तात्पुरता करार होता, आणि २०२४ मध्ये या दोघांना पुढच्या २० वर्षांचा ठेका मिळाला. त्या ठेक्यासाठी समोर उभा राहून हरलेल्यांत वास्को होता. आपल्याला माराकानावर सामने खेळू देत नाहीत ही वास्कोची तक्रार मधल्या वर्षांत कोर्टापर्यंतही गेली. १९२४ आणि २०२४ च्या भांडणांची कारणं सारखी नाहीत, पैसा वेगळा, कायदा वेगळा, आजच्या तिन्ही संघांतल्या खेळाडूंचे रंगही सारखेच मिसळलेले. पण टेबलाभोवतीची बसायची जागा बघा. क्रीडा पानांवर ही बातमी 'कट्टर वैरी एकत्र आले' अशा थाटात आली. १९२४ चं पान उघडून बघितलं असतं तर तो मथळा सुचला नसता.

स्टेडियमचं अधिकृत नाव १९६६ पासून 'पत्रकार मारियो फिल्यो' असं आहे. पुढच्या लेखात लिओनार्दो पेरेइरा यांच्या 'फुटबॉलमेनिया'बद्दल लिहिणार आहे. रिओच्या उपनगरांतले छोटे, कामगारांचे क्लब त्यांनी दप्तरांतून खणून काढलेत. मोठ्या क्लबांकडून खेळ खाली झिरपेल याची वाट न बघता ही माणसं पहिल्या दशकापासूनच खेळत होती. त्यातल्या बहुतेक क्लबांवर मारियो फिल्योनं एक ओळही लिहिलेली नाही.